हाड म्हटलं की येणारा

अक्का, आपलं भांडण अर्धवट टाकून गेलात. हे काही बरं केलं नाही.

इतकी वर्षं एका भिंतीला दोन चुली मांडून राहिलो. नळाच्या पाण्यावरून भांडलो, शेणाच्या पाटीवरून भांडलो, कोंबड्या कुणाच्या अंगणात घाण करतात त्यावरून तर रोजच. पण ती सगळी भांडणं त्या त्या दिवशी मिटली. दिवेलागणीला तुम्ही वाटीत कालवण घेऊन माझ्या दारात उभ्या राहायचात आणि म्हणायचात, "घे गं, तुझ्या हातचं तर कुनाला गिळवत न्हाई." झालं, मिटलं. एकच भांडण मिटलं नाही, ते भुऱ्याचं. कुत्र्याला शब्द कळतो की माणूस कळतं, एवढंच ते भांडण. मी म्हणायची शब्द, तुम्ही म्हणायचात माणूस. आता त्याचा निकाल लागला आहे आणि ऐकायला तुम्हीच नाही.

म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी ऐका. आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही मला मध्ये तोडणार नाही, तर मीही संधी सोडत नाही.

मी या घरात आले तेव्हाचं आठवतंय का? माप ओलांडून आत आले, अंगावर नवं लुगडं. तुम्ही थोरली जाऊ. माझी हनुवटी धरून तोंड वर केलंत आणि भरल्या घरात, सगळ्या बायकांदेखत म्हणालात, "रंगाचा नुसता उजेड हाय. दातबी पुढं हायेत." बायका फिदीफिदी हसल्या. मी उशीत तोंड खुपसून रडले. मनात म्हटलं, ही बाई आपला जन्म नासवणार. पुढं किती दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलत होते.

मग एकदा सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तिचं मनावर घेऊ नको बाई. तिचं पयलं पोरगं लई गोजिरवानं हुतं. सगळी म्हनायची, काय गोड पोरगं, काय गोड पोरगं. गेलं. तवापास्नं ती चांगल्याला चांगलं म्हनत न्हाई." दुसरा झाला, त्याचं नाव तुम्ही दगडू ठेवलंत. आपल्याकडं ही रीतच आहे. पोरं वाचत नसली की दगडू, धोंडू, केरू असं नाव ठेवायचं, म्हणजे मरणाला वाटतं, ह्यात नेण्यासारखं काही नाही. बाकीच्या बाया नावापुरतं करतात. तुम्ही जन्मभर केलंत. ज्याच्यावर जीव, त्याला शिवी. माझी लेक झाली तेव्हा तुम्ही तिला मांडीवर घेतलंत, तिच्या गालावर काजळाचा एवढा मोठा ठिपका दिलात आणि म्हणालात, "काय गं ही माकडी आनलीस." त्या दिवशी मी हसले. तोवर मला तुमची भाषा यायला लागली होती.

भुऱ्यालाही तुम्ही ती भाषा शिकवलीत. कुणाच्या तरी गवताच्या गंजीखाली सापडलेलं पिल्लू, धड डोळेही उघडले नव्हते, तुम्ही पदरात घालून आणलंत आणि घरभर सांगत सुटलात की ही ब्याद माझ्या मागं लागली. त्याला तुम्ही कधी 'ये' म्हटलं नाही. 'यू यू' केलं नाही. नागलीची भाकरी दुधात कुस्करायची, जर्मनच्या ताटलीत घालायची आणि उंबऱ्यात उभं राहून ओरडायचं, "हाऽड मेल्या. हाड." की भुऱ्या असेल तिथून, ओढ्यातून म्हणा, डोंगरावरून म्हणा, कान मागं टाकून धावत यायचा. जगातली कुत्री 'हाड' म्हटलं की पळतात. आपलं येतं. पाहुणेरावळे यायचे, भुऱ्या त्यांचे पाय हुंगायला लागला की ते 'हाड' म्हणायचे आणि हा त्यांच्या मांडीवर चढायचा. राजूरच्या बाजारात तुमच्या मागं मागं गेला की दुकानदार त्याला हाकलायचे आणि तो दुकानात शिरायचा. तुमच्या पायी किती लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्यानं.

फक्त मी 'हाड' म्हटलं की तो खरा पळायचा. मी म्हणायची, माझ्या हातात केरसुणी असते म्हणून. तुम्ही म्हणायचात, "केरसुनी कशाला? तुझं त्वांडच बास हाय."

मग ते मुंबईचे लोक आले.

भाताची झोडणी उरकली होती. त्यांना डोंगर हवे होते, पाणी हवं होतं, कौलारू घरं हवी होती. टीव्हीवरच्या मालिकेसाठी. गोष्ट एका पोरीची आणि तिच्या कुत्र्याची. पोरीची आई नाही, बाप दमलेला, पोरीला जीव लावणारं काय ते एक कुत्रं. मालिकेत पोरीचं नाव मनू आणि कुत्र्याचं हिरा. मुंबईहून त्यांनी शिकवलेलं कुत्रं आणलं होतं, सोनेरी केसांचं, रोज अंघोळ करणारं. घाटात ओकून ओकून ते निम्मं झालं. वाडीतली कुत्री त्याच्यावर भुंकली तसं ते गाडीतून उतरेचना. दोन्ही पाय सीटला लावून बसलं. आणि तुम्ही त्या सगळ्या लोकांना भाकरी-पिठलं द्यायला गेलात, तर तुमच्या मागं शेपटी हलवत भुऱ्या. टोपीवाल्या डायरेक्टरनं त्याच्याकडं पाहिलं, मग मनूचं काम करणाऱ्या पोरीकडं पाहिलं. पोरगी तोवर भुऱ्याच्या गळ्यात पडली होती.

"आमचं येडं हाय, सायेब," तुम्ही म्हणालात. "त्येला काय बी येत न्हाई."

"येऊ दे तसंच," तो म्हणाला.

असा भुऱ्याचा हिरा झाला. शूटिंग होतं तोवर ती पोरगी तुमच्याच घरात जेवायची. तिला त्यांच्या डब्यातलं आवडायचं नाही, तुमच्या चुलीपुढं पाट टाकून बसायची. आठ-नऊ वर्षांची, बडबडी, मुंबईची. तुम्ही तिला पहिल्या दिवशी 'सटवे' म्हणालात तेव्हा तिच्यासोबत आलेल्या खऱ्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दोन-चार दिवसांनी पोरगीच दारातून ओरडायला लागली, "अक्का, सटवी आली, भाकरी द्या." आणि तुम्ही ताट पुढं सरकवून म्हणायचात, "हाऽड. आधी हात धू."

आता तो सीन. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

बापानं गाव सोडायचं ठरवलेलं. टेम्पो फाट्यावर उभा. कुत्र्याला नेता येत नाही, म्हणून पोरगी काळजावर दगड ठेवून त्याला हाकलते. 'हाड, जा, हाड' म्हणते, दगड मारायचा आविर्भाव करते आणि कुत्रा मान खाली घालून निघून जातो. कागदावर असं लिहिलेलं. सगळं तयार झालं, टेम्पो सुरू झाला, पोरगी ओरडली, "हाड." आणि भुऱ्या उड्या मारत तिच्या अंगावर. पुन्हा केलं. पुन्हा अंगावर. डायरेक्टरनं टोपी काढली, घातली, काढली. त्याच्या हाताखालची एक मुलगी मला विचारते, "ताई, त्याला खायचं हाड वाटतं का हो?" मी तर पोट धरून हसत होते. तुम्ही मात्र पदर तोंडाला लावून त्या पोरीकडं बघत होतात.

ऊन उतरत आलं. पोरगी दमली होती. तेवढ्यात तिची आई तिला काहीतरी टाकून बोलली आणि पोरगी खरीच रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "हाड, जा ना, हाड." भुऱ्या आला. तिच्या खांद्यावर दोन्ही पाय ठेवून तिचं तोंड चाटायला लागला. टेम्पोचा डायव्हरसुद्धा डोळे पुसत होता. डायरेक्टर कितीतरी वेळ 'कट' म्हणाला नाही. नंतर त्यांनी आधीचं उड्या मारत येणंही तसंच ठेवलं आणि पुढची गोष्टच बदलली. बाप खाली उतरतो, कुत्र्याला उचलून टेम्पोत घालतो आणि तिघंही मुंबईला जातात.

तो भाग लागला त्या दिवशी सगळी वाडी माझ्या घरात. तुमच्याकडं टीव्ही नव्हता, घ्यायचाही नव्हता, "एका भिंतीला दोन कशाला" म्हणायचात. माझ्या खाटेवर पाय वर घेऊन, घोंगडी गुडघ्यावर घेऊन बसलात. बाया हमसून हमसून रडल्या. काय इमानी जनावर, हाकललं तरी जात नाही, अशी सगळीकडं चर्चा. राजूरच्या जीपमध्ये अनोळखी लोक आपल्या कुत्र्याचं नाव काढायला लागले. मी मात्र सगळ्यांचा रस घालवला. म्हटलं, इमान कसलं, आमच्या अक्कांनी त्याला उलटं शिकवलंय. त्याला 'हाड' म्हणजे जेवण. शब्द ऐकला की येतो, बस्स. मी अंगणवाडीवाली बाई, पोरांना शब्दच शिकवते. 'चेंडू' म्हटलं की चेंडू आणायचा, 'वाटी' म्हटलं की वाटी. मला शब्दाचं कळतं.

तुम्ही म्हणालात, "शब्दाला काय हाय गं? पोरगी खरी रडत हुती. त्ये बघून गेला तो."

"मग आधी का आला? तेव्हा कुठं रडत होती?"

"आधी आला तवा शेपटी हालवत आला. रडली तवा शेपटी खाली घालून आला. बघ परत."

"कुत्र्याची शेपटी बघत बसू का मी आता?"

"नगं बघू. तुला कळनार न्हाई. तू अंगनवाडी चालव."

हे असं वर्षानुवर्षं. पाहुणे आले की तुम्ही मुद्दाम विषय काढणार, मी मुद्दाम चिडणार. एकदा तर तुमच्या माहेरच्या लग्नात, अक्षता हातात असताना आपण ह्यावरून भांडलो.

मालिका पुढं मुंबईत चालू राहिली. भुऱ्याला न्यायला गाडी आली होती. तुम्ही दार लावून घेतलंत. "ममईला काय हाय? हितं काय कमी हाय त्येला?" मग त्यांनी तसाच दिसणारा दुसरा कुत्रा आणला. पहिल्याच दिवशी तुम्ही खाटेवरून बोट दाखवलंत, "हा न्हाई आपला. मेल्याचं त्वांड रंगवलंय." तरी एक भाग चुकवला नाहीत. मी चिडवायची, तुमचा हिरो नाही, मग कशाला बघता? तुम्ही म्हणायचात, "त्या सटवीसाठी बघते. बारीक झालीया." भुऱ्या तुमच्या खाटेखाली झोपलेला असायचा आणि टीव्हीत त्याच्या नावानं लोक रडत असायचे. मालिका संपली. पोरगी मोठी झाली असेल. भुऱ्याचं तोंड पांढरं झालं आणि तुमचे गुडघे गेले.

त्या सकाळी तुम्ही चूल पेटवली नाहीत. धूर दिसला नाही म्हणून मी डोकावले, तर तुम्ही भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ निळे, आणि मला बघून म्हणालात, "कशाला आलीस? पोरं आली असतील तुझी." ह्यांनी जीप आणली. धरून धरून तुम्हाला बसवलं, मी मागं फळीवर उभी राहिले. भुऱ्या जीपमागं फाट्यापर्यंत धावत आला. फाट्यावर जीप थांबली, तसं तुम्ही त्याच्याकडं बघून पुटपुटलात. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "हाड. तू बी जा घरी." मी आत चढले आणि तुमच्या शेजारी बसले. तुमचं डोकं खांद्यावर घेतलं. तेवढं एक मी बरोबर केलं, अक्का. तुम्ही 'जा' म्हणालात आणि मी आले.

राजूरहून घोटीमार्गे नाशिकला नेलं, दगडू तिथंच असतो म्हणून. दवाखान्यात तुमच्या तोंडाला मास्क लावला होता. शेवटच्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत आणि मास्कच्या आत काहीतरी म्हणालात. दोनच अक्षरं. दगडूला वाटलं, 'हात' म्हणालात. त्यानं पटकन तुमचा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मला 'हाड' ऐकू आलं. मी दगडूला हे सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्याला त्याचं राहू दे. पण कुणाला म्हणालात? त्याला, मला, की दारात उभ्या असलेल्या त्या मरणाला? मरणाला म्हणाल्या असाल, तर त्यालाही तुमची भाषा उलटीच कळली.

तुम्हाला वाडीत आणलंच नाही. दगडू म्हणाला, सगळे इथंच आहेत, इथंच करू. त्याच्या आईचं त्यानं करायचं, मी कोण बोलणार. नाशिकलाच सगळं झालं. दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारीची काही इच्छा उरली नव्हती. मला ते पटलं नाही, कारण मला फोन आला होता की भुऱ्या अजून फाट्यावरच बसून आहे.

जीप गेली तिकडं तोंड करून बसलेला. चहाच्या टपरीवाला बिस्किटं टाकत होता, तो हुंगतही नव्हता. आणि आपल्याकडं फाट्यावर कुत्र्यानं बसायचं म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू. त्या करवंदीच्या जाळीतून बिबट्या टपरीवाल्याचं कुत्रं उचलून घेऊन गेला होता, भर संध्याकाळी, लोक चहा पीत असताना. अंधार पडला की टपरीवालाही दार ओढून घेतो. आणि भुऱ्या म्हातारा, अशक्त, उघड्यावर.

नाशिकहून परत आले त्या दिवसापासून माझं हेच काम. रोज भाकरी घेऊन गेले. नावानं हाक मारली. दूध नेलं. ह्यांनी दोरी बांधून त्याला ओढत घरी आणलं, तर त्यानं दोरी कुरतडली आणि परत फाट्यावर. कोंडून ठेवला, तर इतका रडला की शेजारपाजारचे म्हणाले, सोडा बाबा. मग म्हटलं, शब्द तर मला येतो. तुमचं जुनं लुगडं अंगावर घेतलं, तुमच्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि ओरडले, "हाड मेल्या, हाड." भुऱ्या दचकला आणि चार पावलं मागं सरकला. माझ्या हातात केरसुणी नव्हती, अक्का. नुसतं माझं तोंडच होतं.

टपरीवाला म्हणाला, "मावशी, जाऊ द्या. जनावराचं लिहिल्यालं असंल तसं हुईल." मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. तुमच्याच शब्दांत बोलले एवढं समजा.

कालची गोष्ट. माझ्या लेकीनं पुण्याहून तो सीन मोबाईलवर पाठवला. म्हणाली, आई, काकूंची आठवण आली म्हणून शोधला. आपल्या वाडीत रेंज नाही, फाट्यावर येते, म्हणून फाट्याच्या मोरीवर बसून उतरवून घेतला आणि बघितला. सूर्य डोंगराआड गेलेला. भुऱ्या थोड्या अंतरावर, पुढच्या पायांवर तोंड ठेवून. तो सीन मी किती वेळा बघितला असेल, पण दरवेळी घरभर माणसं, बायांचं रडणं, पोरांचा दंगा. काल पहिल्यांदा एकटीनं, कानाशी धरून ऐकला. आणि पोरगी पहिल्यांदा 'हाड' म्हणाली. तो तुमचा 'हाड' होता. 'हा' लांबवलेला, 'ड' अर्धा गिळलेला, आणि शेवटी जरासं हसू. मुंबईची पोरगी, तिला कुठून येणार असा 'हाड'? तुमच्या चुलीपुढं बसून बसून तिच्या जिभेवर आला. तुमचा आवाज कुणी कधी भरून ठेवला नाही, फोटोलाही तुम्ही तोंड फिरवायचात. आणि तुमचं हे बोलणं साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं, त्या पोरीच्या तोंडून.

मी आवाज मोठा केला आणि परत लावला.

भुऱ्याचे कान उभे राहिले. तो उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शेपटी हलली. मोबाईल हुंगला, माझ्या मागं जाऊन बघितलं, टपरीच्या मागं बघून आला, परत मोबाईलपाशी आला. मग रस्त्याकडं वळला आणि राजूरच्या दिशेनं चालायला लागला. जीप गेली त्या बाजूला. जिकडं ती करवंदीची जाळी आहे त्या बाजूला. अंधारून आलं होतं. मी हाका मारत मागं पळाले, चप्पल तुटली, साडीत पाय अडकला आणि मी रस्त्यात खालीच बसले.

अक्का, तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते. दहावा, तेरावा, आल्यागेल्याचा चहा, दगडूच्या बायकोला धीर, वेळ कुठं होता. काल त्या डांबरी रस्त्यावर बसून मी रडले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. आणि काय बोलत होते ते मलाच नीट माहीत नव्हतं. "अरे मेल्या, कुठं चाललास? ती न्हाई तिकडं. ती कुठंच न्हाई. हाऽड रे, हाड, ती न्हाई आता."

तो थांबला. वळून बघितलं. आणि आला.

उड्या मारत नाही. हळूहळू, मान खाली, शेपटी खाली. येऊन दोन्ही पाय माझ्या खांद्यावर ठेवले आणि माझं तोंड चाटायला लागला. त्याच्या तोंडाला वास येत होता, तुम्ही असतात तर त्यावरूनही मला बोलल्या असतात. मी त्याच्या मानेत तोंड घालून बसून राहिले. टपरीवाला बॅटरी घेऊन आला आणि लांबच उभा राहिला.

घरी आलो दोघं. मी पुढं, तो मागं. नागलीची भाकरी दुधात कुस्करली, तुमच्याच जर्मनच्या ताटलीत. खाल्ली त्यानं, सगळी नाही, पण खाल्ली. मग तुमच्या बंद दारापाशी जाऊन बसला, थोड्या वेळानं उठून माझ्या उंबऱ्याला येऊन झोपला. मी तो सीन पुन्हा एकदा लावला, आवाज बंद करून, आणि ह्या वेळी शेपटीच बघितली. पोरगी रडायला लागल्यावर तो येतो तेव्हा शेपटी खाली आहे. तुम्ही सांगितलं होतंत तशीच.

तर तुम्ही जिंकलात. त्याला माणूस कळतं. माझा 'हाड' इतकी वर्षं त्याला खरा वाटत होता कारण तो खरा होता, आणि कालचा खरा नव्हता, तेही त्याला कळलं. घ्या. भांडण मिटलं. आता वाटी घेऊन या, आणि माझ्या हातचं कुणाला गिळवत नाही म्हणून दारात उभ्या राहा.

आज सकाळी पोरांना अंगणवाडीत सोडताना त्यांच्या आया म्हणत होत्या, येते गं. आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. म्हणजे सगळेच थोडंथोडं उलटं बोलतात. तुम्ही सगळंच उलटं बोललात आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मला रंगाचा उजेड म्हणालात, माकडी म्हणालात माझ्या लेकीला, माझ्या हाताला चव नाही म्हणालात. एवढं कौतुक माझ्या आईनंही केलं नाही माझं. त्यातलं काहीच मी तुम्हाला परत म्हटलं नाही. धाकटी जाऊ थोरलीला असं बोलत नाही, बोलली तर लोक काय म्हणतील.

पण आता दिवेलागण झाली आहे. भाकरी कुस्करून ठेवली आहे. भुऱ्या पायाशी आहे, तुमच्या दाराकडं बघतो आहे, आणि मी उंबऱ्यात उभी आहे. एकदाच म्हणते, वाईट वाटून घेऊ नका.

हाऽड, अक्का. हाड.